कच्ची वही, पक्की वही

पोरी, रोज थोडं लिहायचं ठरवलंस आणि त्यासाठी फोनवर स्वतःचा ब्लॉगही उघडलास, हे कळल्यापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं. तुझी अडचण एकच दिसते: रोज लिहावं असं काही घडतच नाही. माझा सारा जन्म दोंडाईच्यात आडतीच्या दुकानात वह्या लिहिण्यात गेला. साहित्यातलं तुला जास्त कळत असेल. रोज लिहिण्यातलं मला कळतं, म्हणून तेवढंच सांगतो.

मिरचीच्या हंगामात आमच्याकडे दोन वह्या चालत, एक कच्ची आणि एक पक्की. लिलाव सुरू झाला की मुनीम कच्ची वही घेऊन ढिगाऱ्यामागून ढिगारा फिरायचा. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, भाव, घेणाऱ्याचं नाव. सगळं उभ्याउभ्या, नाकाला रुमाल बांधून, ठसका देत, अक्षर कसंही. संध्याकाळी गादीवर बसून त्याच नोंदी पक्क्या वहीत, नीट अक्षरात उतरवायच्या. मग रोजमेळ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गल्ल्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळली की दुकान वाढवायचं. जुळली नाही तर जुळेपर्यंत बसायचं. ज्या दिवशी एकही गाडी लागली नाही, त्या दिवशीही तारीख पडायची आणि कालची शिल्लक पुढे ओढली जायची. वहीत कोरी जागा राहिलीच, तर तिथे आडवी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येऊ नये.

तू थेट पक्क्या वहीत लिहायला बसतेस. म्हणून तुला काही सुचत नाही. लोक वाचणार आहेत असं धरून पहिलं वाक्य लिहायला गेलं, की दिवस आपोआप लहान वाटायला लागतो. आधी कच्ची वही ठेव. खिशात मावेल अशी कागदाची असो की फोनातली, ती फक्त तुझी. तिथे वाक्य पूर्ण करायचं नाही, शुद्धलेखन बघायचं नाही. नाव, जागा, वेळ, भाव आणि कानावर पडलेला शब्द. "मंगळवार. बसस्टॉपवरचा भाजीवाला शिंदखेड्याचा निघाला. कोथिंबीर २० रुपये. मला म्हणाला, आपलाच माणूस शे." एवढं पुरे. यातलं काय पक्क्यात जायचं ते आठवड्याच्या शेवटी बघ. पुष्कळसं जाणार नाही, आणि न गेलेलंही फुकट जात नाही. पुढल्या वर्षी याच महिन्यात ते चाळशील तेव्हा कळेल.

भाव लिहायला लाजू नकोस. लेखात पैशांचे आकडे रुक्ष दिसतात असं तुम्हा मुलांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. "तेव्हा स्वस्ताई होती" असं म्हणणारी म्हातारी माणसं हजार भेटतील, पण कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, कशाचा भाव काय होता, हे सांगणारा एकही नसतो. पावसाचंही तसंच. आपल्याकडे ओली लाल मिरची पथारीवर वाळत पडलेली असताना अवकाळी आला, की माल काळा पडतो आणि त्या वर्षीची कितीतरी घरांची लग्नं पुढे ढकलली जातात. अशा पावसाची तारीख कुणाच्या डोक्यात राहत नाही. आपल्या अहिराणी बोलीत सांगायचं तर, लिखी ठेव, नहीतं इसरी जाशी.

आता सवय लावण्याविषयी. पहाटे उठून लिहीन, असले संकल्प करू नकोस. जे काम तू रोज न चुकता करतेसच, त्याच्या पाठीला लिहिणं बांध. रात्री फोन चार्जिंगला लावतेस ना, त्याच्या आधीची पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत डेटा बंद. लिहिताना वरून एक निरोप टपकला की दिवसभराचं डोक्यातून निघून जातं. पाच ओळी झाल्या की थांब, अजून सुचत असलं तरी थांब. आज दोन पानं लिहिणारा उद्या कंटाळतो. मी दुकानात नवीन पोरं शिकवली आहेत, त्यांचं हेच व्हायचं. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तो आठवून आठवून भरायचा नाही. तारीख टाकायची, पुढे "खाडा" लिहायचं आणि आजचं लिहायला घ्यायचं. रोजमेळात कालचं काल्पनिक काही लिहिलं तर शिल्लक कधीच जुळत नाही.

खाडाखोडीचाही एक नियम पाळ. आमच्याकडे चूक झाली तर आकडा गिरवायचा नाही, खोडरबर तर नाहीच. एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. तू ब्लॉगवर एखादं नाव, साल, गाव चुकीचं लिहिलंस आणि कुणी दाखवून दिलं, तर गुपचूप बदलू नकोस. खाली तारीख घालून लिही, की आधी असं लिहिलं होतं, अमक्या कारणाने बदललं. वाचणाऱ्याचा विश्वास त्याने वाढतो.

किती जणांनी वाचलं तो आकडा रोज बघतेस, असं तुझी आई सांगत होती. तो बघणं सोड. आपल्या खानदेशातलंच सांगतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ला शिक्षक म्हणून आले आणि १९३० पर्यंत होते. वसतिगृह त्यांच्याकडे होतं. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' काढत. छापखाना नाही, स्वतःच्या हाताने लिहून काढलेलं दैनिक. त्याचे वाचक म्हणजे एका वसतिगृहातली मुलं, बस. दिवसभर शिकवायचं, मुलांचं आजारपण बघायचं आणि वर हे. पुढे १९२८ ला त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं, ते या सरावानंतर. आणि १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेपासून १३ तारखेच्या पहाटेपर्यंत, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. लोक त्या पाच दिवसांचं नवल करतात. मला त्याआधीच्या अमळनेरच्या वर्षांचं नवल वाटतं. मोजक्या मुलांसाठी रोज लिहून ज्याचा हात वळलेला होता, त्यालाच ते पाच दिवसांत उतरवता आलं, असं माझं मत आहे.

त्यांचंच आणखी एक. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर ते बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर साने गुरुजी बसून लिहून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज कितीतरी भाषांत आहे. बोलणाऱ्याची थोरवी आहेच. पण त्या बराकीत रविवारी लिहून घेणारं कुणी नसतं, तर ते बोलणं ऐकणाऱ्यांबरोबर गेलं असतं. लिहिणं म्हणजे नेहमी आपल्या मनातलंच लिहिणं असं नाही. दुसऱ्याचं बोलणं खाली उतरवून घेणं हेही मोठं काम आहे, आणि तुझ्या वयाला ते फार चांगलं शिक्षण आहे. ज्या दिवशी आपल्याकडे सांगण्यासारखं काही नसेल, त्या दिवशी समोरच्याचं लिहून घे.

जळगावच्या बहिणाबाईंचं तर तुला शाळेत होतंच. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, घरकाम करताना ओव्या सुचायच्या. सोपानदेव हा मुलगा आणि नात्यातलाच पितांबर चौधरी, यांनी वेळोवेळी त्या टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ ला गाणी छापून आली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की टिपून घेणाऱ्यांनी बहिणाबाईंची लेवा बोली पुण्याच्या भाषेत बदलून घेतली नाही. जसं कानावर आलं तसं लिहिलं. सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांना "सुधारणं" सहज जमलं असतं.

इथेच तुझ्या फोनाविषयी बोलायला पाहिजे. तू बोलतेस आणि फोन लिहितो, हे मी बघितलंय, सोय चांगली आहे. माझे डोळे अधू झाले, मीही वापरतो. पण त्याला प्रमाण मराठीच कळते. आजी "मन्हा भाऊ" म्हणाली की तो "माझा भाऊ" तरी करतो नाहीतर भलतंच काही. "शे" म्हणजे "आहे", त्याचं तर काहीही होतं. म्हणून बोलीतलं बोलणं आधी आवाजात रेकॉर्ड करायचं, मग कानाला लावून, हळूहळू, स्वतःच्या बोटांनी लिहायचं. कीबोर्डमध्ये स्वतःचे शब्द साठवायची सोय असते. आपले शब्द एकेक करून त्यात घाल: पथारी, बिबडे, फुनके, आखाजी, सांजोरी. दोन महिन्यांत तो त्यांच्याखाली लाल रेघ मारायचा थांबेल.

हल्ली फोनला सांगितलं की तो अख्खा लेखही लिहून देतो म्हणे. एखादा अर्ज, बँकेचं पत्र त्याच्याकडून करून घ्यायला माझी हरकत नाही. पण तुझ्या दिवसाचा पहिला खर्डा त्याला देऊ नकोस. दोंडाईच्याचा बाजार सांग म्हटलं तर तो डोंबिवलीच्या बाजाराला चालतील तीच वाक्यं देईल: गजबज, रंग, सुगंध. आपल्या बाजारात सुगंध नसतो पोरी. डोळ्यांतून पाणी येतं, हमालांची अंगं रात्री आंघोळ करूनही जळजळतात, आणि तरी सकाळी ते पहिल्या गाडीला हजर असतात. हे ज्याने पाहिलं त्यानेच लिहावं.

सांभाळून ठेवण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पिढीचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दुसऱ्याच्या जागेत मांडलेलं दुकान मालकाच्या मर्जीवर असतं. ऑर्कुटवर आपल्या गावच्या पोरांनी काय काय लिहिलं होतं! ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. व्हॉट्सअॅपचं स्टेटस तर २४ तासांत जातं. त्यावर मजकूर वाया घालवूच नकोस. ब्लॉगवर लिही, पण तिथे टाकायच्या आधी तोच मजकूर आपल्याजवळच्या साध्या फाइलीत असला पाहिजे. एक प्रत फोनात, एक ड्राइव्हवर आणि महिन्यातून एकदा कागदावर छापून. छापलेली पानं तुझ्याजवळ ठेवू नकोस, इकडे आईकडे पाठव. दोन प्रती एकाच घरात असतील तर त्या दोन नाहीत, एकच आहे.

फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग दोन शब्द विषयाचे. असं दिलं की फोन आपोआप त्या क्रमाने लावतो. "नवीन", "नवीन २", "फायनल" अशी नावं देणाऱ्याला स्वतःचंच लिखाण सापडत नाही. टंक युनिकोडच वापर. पूर्वी आपल्याकडच्या छापखान्यांत पत्रिका, स्मरणिका वेगवेगळ्या फॉन्टांत जुळवायचे. तो फॉन्ट संगणकात नसेल तर आज त्याच फाइली उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड दिसते. गावातल्या कुणाकडे अशी जुनी स्मरणिका छापील शिल्लक असेल, तर आधी तिचे फोटो काढ. फाइलीपेक्षा तो कागद भरवशाचा.

फोटोंचंही बघ. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कधी, कुठे काढला ती आतली नोंद पुसली जाते. जपायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. दुकानातली मशीनची गुळगुळीत बिलं मिळतात ना, त्यावरची अक्षरं उष्णतेने उडतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर फार लवकर. घराच्या वस्तूंची, औषधांची, बियाण्यांची बिलं हातात पडल्याच दिवशी फोटो काढून ठेव. आणि यूपीआयने पैसे देतेस तिथे शेरा लिहायला जागा असते. कुणीच तिथे काही लिहीत नाही. "आईची औषधं", "गॅस", "मामाच्या पोराची फी" एवढं लिहिलंस तरी वर्षअखेरीस तुझा रोजमेळ अर्धा तयार असेल.

जगासमोर काय मांडायचं नाही, ते थोडक्यात. घराला कुलूप आहे तोवर प्रवासाचं लिहू नकोस, परत आल्यावर लिही. लहान मुलांची नावं आणि शाळा नकोत. कुणाचं कर्ज, कुणाच्या सुनेचं माहेरी परतणं, कुणाचं आजारपण, हे कच्च्या वहीतसुद्धा नाव न घालता. दोंडाईचा मोठं असलं तरी नुसतं "स्टेशन रोडचे एक गृहस्थ" म्हटलं की सगळ्यांना कळतं. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवायची आणि तो नको म्हणाला तर ठेवून द्यायची. आडतीच्या वहीत शेकडो घरांची उधारी असायची. त्यातला एक आकडा बाहेर गेला असता तर दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी पाय ठेवला नसता.

सुट्टीत येशील तेव्हा एकदा धुळ्याला जाऊन राजवाडे संशोधन मंडळ बघून ये. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करायचे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ ला निघाला, एकूण २२ खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले आणि त्यांचं काम पुढे चालावं म्हणून तिथेच मंडळ उभं राहिलं. तिथले कागद बघितलेस की तुझं "रोज काही घडत नाही" आपोआप थांबेल. नुसत्या लढाया नाहीत त्यात. जमाखर्च आहेत, वतनांचे तंटे आहेत, कुणी कुणाला काय दिलं-घेतलं ते आहे. लिहिणाऱ्यांनी इतिहास म्हणून लिहिलं नव्हतं. आजचं आज नोंदवलं होतं, तारखेसह.

आणि तेच काम घरापासून कर. तुझ्या पणजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावर आहे. सातबाऱ्याचे जुने उतारे, लग्नातल्या आहेराच्या याद्या, सुरतेला गिरणीत गेलेल्या थोरल्या काकांची पोस्टकार्डं. वाळवी लागायच्या आत फोटो काढून घ्यायचे. दिवसा, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून. दोन्ही बाजूंचे काढ, मागे कोरं दिसलं तरी. पोस्टाचा शिक्का नीट येऊ दे, कारण पत्रात तारीख नसली तरी शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. मजकुरातली माणसं मी ओळखतो तोवर मला विचारून प्रत्येकाचं नातं लिहून घे. हे काम आधी. ब्लॉग दोन महिने मागे राहिला तरी चालेल.

कानबाईच्या रोटांचंही असंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते; तेव्हा रोटांचं दळण कसं काढायचं, किती मुठी, कुणाकुणाच्या नावाने, हे आज तुझ्या मोठ्या काकूला तोंडपाठ आहे. कागदावर कुठेच नाही. तिच्यासोबत बसूनच ते उतरव. "साधारण" असं तिने म्हटलं की वाटी पुढे कर आणि किती ते विचार.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नक्की ये. तुझी आत्या, सोनगीरची चुलत आजी, सगळ्या माहेरवाशिणी येतील, झोका बांधला जाईल, गौराईची गाणी होतील. गाणाऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत आणि पुढच्यांना अर्धी अर्धी कडवीच येतात. झोक्यापाशी रेकॉर्डिंग करशील तर दोरीचा करकर आवाज आणि पोरांचा गलकाच येईल. ते घे, पण दुपारी जेवणं झाल्यावर आजीला ओसरीत बसवून तेच गाणं पुन्हा सावकाश म्हणायला लाव. फोन खाली ठेवू नकोस, जमिनीचा दणका येतो, उशीवर ठेव. आधी तिला सांग, की हे मी लिहून ठेवणार आहे, चालेल का. सुरुवातीला तारीख, गाव, तिचं नाव आणि माहेर तिच्याच तोंडून बोलून घे, कारण गाणं माहेरचं असतं आणि गावागणिक बदलतं. लिहून झालं की तिला वाचून दाखव. ती म्हणेल, इथे असं नाही, असं आहे. ती दुरुस्ती आधीचं न पुसता शेजारी लिही, आणि कुणी सांगितली तेही लिही.